वाळपईचा पाऊस आणि कळंगुटचे पर्यटक

२०२४चा डिसेंबर सरत आला होता. डिचोलीच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात भजी-पाव थंड होत होता आणि समोरचे दोघे हातघाईवर आले होते. नात्याने मेहुणा आणि भाऊजी. मेहुण्याची मोरजीला शॅक, म्हणजे किनाऱ्यावरचं तात्पुरतं खानपानगृह, आहे, भाऊजी मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतात. मेहुण्याने फोनवर कळंगुटच्या ओस पडलेल्या रस्त्याचा फोटो उघडला होता. "बघा भाऊजी, गोवा संपला. माझे निम्मे सनबेड भर दुपारी रिकामे असतात." भाऊजींनी स्वतःचा फोन पुढे केला. त्यावर विमानतळाबाहेरच्या गर्दीचा व्हिडिओ. "मोपाला गाडी उभी करायला जागा मिळत नाही आणि तू संपला म्हणतोस?" मग दोघे माझ्याकडे वळले. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे असे तंटे माझ्याकडे येतात. "सर, तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?"

दोघांचंही खरं होतं, आणि ते पर्यटन खात्याच्याच आकड्यांत दिसतं. २०१९मध्ये गोव्यात ७१ लाख २७ हजार देशी आणि ९ लाख ३७ हजार विदेशी पर्यटक आले. २०२४मध्ये देशी पर्यटक ९९ लाख ४१ हजार झाले आणि विदेशी ४ लाख ६८ हजारांवर आले. एकूण बेरीज ८० लाख ६४ हजारांवरून १ कोटी ४ लाखांवर गेली. म्हणजे पर्यटक पाव हिश्शाहून अधिक वाढले आणि त्याच तक्त्यात विदेशी पर्यटक निम्म्यावर आले. मोरजीची शॅक रशियन गिऱ्हाइकावर उभी होती. ब्रिटिश चार्टर विमानांना २०१९च्या सप्टेंबरात थॉमस कुक ही ब्रिटिश सहल कंपनी बुडाल्याचा फटका बसला, मग कोविड आला, मग २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाहून येणाऱ्या विमानांचं गणित विस्कटलं. मेहुण्याचे सनबेड त्यामुळे रिकामे. भाऊजींच्या टॅक्सीत मात्र दिल्ली, बेंगळूरु, पुण्याची माणसं बसतात आणि ती वाढली आहेत.

इथवर भांडण मिटायला हवं होतं. पण त्याच सुमाराला सगळा देश हेच भांडण भांडत होता. नोव्हेंबरमध्ये एका खाजगी आकडेवारी संस्थेचा आलेख समाजमाध्यमावर फिरला. पर्यटकांनी गोव्याकडे पाठ फिरवली, असा त्यावरून दावा झाला आणि असंख्य लोकांनी तो पुढे पाठवला. कोणी टॅक्सीवाल्यांना जबाबदार धरलं, कोणी महागड्या हॉटेलांना, कोणी गोवेकरांच्या स्वभावाला. पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार केली, आणि उत्तरादाखल सरकारने पर्यटकांची एकूण बेरीज आणि महसुलातली वाढ पुढे केली. आलेख टाकणाऱ्याने घसरणारी रेघ दाखवली, सरकारने चढणारी. मेहुण्याला पडलेला प्रश्न दोन्हींत नव्हता: आलेला माणूस किती रात्री राहिला, कुठे राहिला आणि त्याने खर्च कशावर केला?

मला दोन्ही बाजूंचा राग आला. आजही तो ओसरलेला नाही. गोव्यात पर्यटनावर पोट असलेली हजारो घरं आहेत. त्या घरांनी कर्ज काढायचं की नाही, मुलाला शॅकमध्ये बसवायचं की दुसऱ्या कामाला लावायचं, हे असल्या आकड्यांवर ठरतं. अर्धा आकडा लोकांसमोर टाकला की उरलेला अर्धा प्रत्येक जण आपल्या अनुभवाने, आपल्या रागाने भरून काढतो.

हे आकडे जन्मतात कुठे, ते मी जवळून पाहिलं आहे. माझी आतेबहीण मांद्र्याला घराच्या मागच्या तीन खोल्या पर्यटकांना देते. तिची एक लांबट वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. पाहुण्याचं नाव, गाव, माणसं किती, रात्री किती, पैसे किती. महिन्याअखेर देवाला दिवा लावून झाला की ती ओसरीवर बसते आणि बोट ठेवून ठेवून माणसं मोजते. राज्यांचे देशी पर्यटकांचे आकडे मुख्यतः अशाच निवासाच्या जागांकडून आलेल्या माहितीवर उभे राहतात. गेल्या खेपेला मी शेजारी बसलो होतो. एका नावावर तिचं बोट थांबलं. "दादा, हे नाशिकचं कुटुंब. माझ्याकडे दोन रात्री राहिलं आणि मग पाळोळेला गेलं. तिथला मालकही त्यांना मोजणार ना?" मोजणार. चार माणसं, दोन ठिकाणी, आठ पर्यटक. उलट आसगाव-शिवोलीकडे परप्रांतीयांनी घेतलेले कितीतरी फ्लॅट आणि बंगले आहेत. मालकाचे मित्र येतात, आठवडाभर राहतात, कोणत्याच वहीत चढत नाहीत. विदेशी पाहुण्याची गोष्ट निराळी. त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, न कळवल्यास कायद्याचा बडगा आहे, म्हणून विदेशींचा आकडा त्यातल्या त्यात पक्का.

तेव्हा एक पक्का आणि एक सैल आकडा एकत्र करून आपण १ कोटी ४ लाख म्हणतो. बहिणीच्या वहीत रात्रींचा रकाना आहे. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो नव्हता.

विमानतळाच्या आकड्यांचंही तसंच. मोपा ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला. तिथून इतके लाख प्रवासी गेले-आले अशी बातमी आली की 'इतके पर्यटक वाढले' असा तिचा अर्थ लावला जातो. पण प्रवासी येताना एकदा आणि जाताना पुन्हा एकदा मोजला जातो. त्यात मुंबईला मुलाकडे निघालेले फोंड्याचे आजी-आजोबा असतात, आखातात कामाला जाणारे सासष्टीचे तरुण असतात, आणि बांद्या-सावंतवाडीहून अर्ध्यापाऊण तासात मोपाला पोचणारे सिंधुदुर्गातले लोकही असतात.

सगळ्यात जिवावरची गफलत आपण कोविडात केली. मार्च २०२०च्या अखेरीस गोव्यात पहिले रुग्ण सापडले. एप्रिलमध्ये सातही जण बरे झाले आणि गोवा कोरोनामुक्त झाल्याचे फलक समाजमाध्यमांवर झळकू लागले. 'सापडलेले रुग्ण शून्य' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी 'रुग्ण शून्य' असं वाचलं. मीही वाचलं, आणि चतुर्थीला सगळे भाऊ एकत्र जमण्याचे बेत आखले. जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोरहिलमध्ये साथ फुटली तेव्हा घरोघरी धक्का बसला. वर्षभराने, मे २०२१मध्ये, गोव्यात रोज तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघत होते. देशात सर्वाधिक. माझ्या कोल्हापूरच्या मावशीचा रात्री फोन आला, ती रडत होती: "अरे, तुमच्याकडे दर दोन माणसांत एकाला झालाय म्हणे!" मी तिला समजावत राहिलो की ही तपासलेल्यांतली निम्मी माणसं आहेत, गोव्यातली निम्मी नव्हेत. तपासणीला तेव्हा ताप-खोकला असलेले किंवा घरात रुग्ण असलेलेच जात होते. तिला ते पटलं नाही. पटावं असं काही छापूनच येत नव्हतं, नुसता टक्का येत होता. तरी तो टक्का पोकळ नव्हता. तपासण्या कमी पडताहेत आणि बाहेर पुष्कळ रुग्ण न सापडलेले आहेत, हे त्याचं खरं सांगणं होतं. घाबरलेल्यांना ते ऐकू आलं नाही, आणि 'अफवा पसरवू नका' म्हणणाऱ्यांनीही कान दिला नाही.

बेरोजगारीचा आकडा दरवर्षी विधानसभेत गाजतो. केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२२-२३ला गोव्याचा बेरोजगारी दर ९.७ टक्के आला, पुढच्या वर्षी ८.५. देशाचा ३.२. विरोधक म्हणतात, देशाच्या तिप्पट बेकारी. सत्ताधारी म्हणतात, एका वर्षात सव्वा टक्क्याने घट. दोघेही सोडून देतात ती गोष्ट अशी की या पाहणीत बेरोजगार म्हणजे काम शोधणारा आणि काम न मिळालेला. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, तो काम शोधत बसत नाही. मिळेल ते करतो आणि आकड्यात रोजगारवाला ठरतो. आमच्याकडे घर चालण्यापुरतं चालतं, म्हणून पदवीधर मुलगा-मुलगी सरकारी नोकरीची वाट पाहत दोन-तीन वर्षं थांबू शकतात. शिवाय पाहणी नमुन्याची असते. एवढ्याशा राज्यातून घेतलेली घरं उत्तर प्रदेशाच्या तुलनेत फारच थोडी, त्यामुळे टक्काभर इकडेतिकडे होणं यात नवल नाही. गोव्यात बेकारीचा प्रश्न खराच आहे, माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर मी तो रोज वाचतो. पण या एका टक्क्याने तो ना सिद्ध होतो, ना सुटतो.

लाखामागे किती गुन्हे, लाखामागे किती अपघाती मृत्यू, हे दर काढतानाही लाख धरले जातात ते रहिवाशांचे. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, त्यानंतर मोजणीच झालेली नाही, सगळे अंदाज. याच रस्त्यांवर वर्षाला कोटीभर पाहुणे फिरतात, कितीतरी भाड्याच्या दुचाक्यांवर, ते भागाकारात कुठेच नसतात.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग सामान्य माणसाला आकडे देऊच नयेत, त्याला ते झेपत नाहीत. सरकारी खुर्च्यांवरून हे मी प्रत्यक्ष ऐकलं आहे. याला माझा पूर्ण विरोध आहे, आणि तो गोव्याच्या पावसावर उभा आहे.

पावसाचे आकडे गोव्यातला अडाणी म्हणवला जाणारा माणूसही बिनचूक वाचतो. १ जून उलटला की वर्तमानपत्रात रोज तक्ता येतो: पेडणे, म्हापसा, पणजी, साखळी, वाळपई, फोंडा, मडगाव, केपे, सांगे, काणकोण. सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत किती, हंगामात आजवर किती, सरासरीपेक्षा जास्त की कमी. आमच्या गावात त्यावर चर्चा इंचांत चालते. 'वाळपई शंभर पार' असं कोणी म्हटलं तर गोव्यात शंभर इंच झाला असं कोणी धरत नाही. घाटाच्या पायथ्याचा, वाळपईचा सत्तरी तालुका जास्त भिजतो, किनाऱ्यावरची पणजी कमी, हे ठाऊक असतं. जुलैत दहा दिवस ओढ दिली म्हणून दुष्काळ पडला असंही कोणी ओरडत नाही, कारण हंगामाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असते आणि अजून अडीच महिने बाकी आहेत, हे त्याच तक्त्यात डोळ्यांसमोर असतं. आमच्या शेजारचे कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, सांभाळणारे काका चौथी शिकलेले आहेत. साळावली धरण भरून वाहू लागलं तरी ते विचारतात, "धरण भरलं, पण अंजुणेचं काय? आपलं पाणी तिथून येतं." एवढी जाण त्यांना आली, कारण ठिकाण, वेळ आणि तुलना या तिन्ही गोष्टी आकड्याला चिकटून त्यांच्या हाती पोचल्या.

मतमोजणीचंही तेच. विधानसभेच्या मतमोजणीत १० मार्च २०२२ला सकाळी साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत सुरुवातीच्या फेऱ्यांत पिछाडीवर गेले. मुंबई-दिल्लीच्या वाहिन्या त्यांना पाडून मोकळ्या झाल्या. आमच्याकडे गावात बूथवर आयुष्य घालवलेले कार्यकर्ते मात्र चहा पीत बसले होते, दोन्ही पक्षांचे. कुठले भाग मोजून झाले आणि कुठल्या पेट्या अजून उघडायच्या आहेत, हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं. शेवटी मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले. पणजीचा निकाल ७१६ मतांनी लागला, सांत आंद्रेचा अवघ्या ७६ मतांनी. पंचवीस-तीस हजार मतदारांच्या मतदारसंघात पहिल्या तीन फेऱ्यांवरून निकाल सांगणं किती धोक्याचं, हे त्या कार्यकर्त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. काय मोजलं गेलं आणि काय राहिलं, ही यादी त्यांच्या हातात होती, एवढंच.

म्हणून माझी मागणी सरकारकडे आहे आणि ती अवघड नाही. पर्यटकांचा आकडा जाहीर करताना वेधशाळेसारखा तक्ता द्या: तालुकावार, महिनावार, देशी-विदेशी वेगळे, रात्रींच्या हिशेबासह. किती निवासस्थानांनी माहिती पाठवली आणि कितींनी नाही, तेही लिहा. माहिती अधिकार कायदा २००५पासून लागू आहे आणि त्याचं चौथं कलम सांगतं की लोकांनी मागायच्या आधी सरकारने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायची. राज्यात नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय आहे, दरवर्षी आर्थिक सर्वेक्षण निघतं. यंत्रणा उभी आहे, तिला तळटीप लिहायला लावायचं आहे. आलेख चुकीचा असेल तर त्याला उत्तर म्हणून अख्खा तक्ता छापता येतो. पोलिसांत तक्रार गेली की लोकांच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की काहीतरी लपवलं जातं आहे, आणि मग खरा आकडाही कोणी मानत नाही.

वर्तमानपत्रांकडे मागणी याहून साधी. मथळ्यात टक्का असेल तर पहिल्या परिच्छेदात तो कशाचा टक्का हे यावं. आणि आपल्याकडे, म्हणजे फोनवरच्या गटागटांत रात्री अकराला आलेख पुढे पाठवणाऱ्यांकडे, मी एवढंच मागेन की जो आकडा आपल्या मनातल्या रागाला अगदी तंतोतंत बसतो, त्याच्यापाशी दोन मिनिटं जास्त थांबा. मीही हे शिकतो आहे.

हे लिहिताना एक आकडा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो आपल्या, गोव्यातल्या मराठीवाल्यांच्या काळजाजवळचा आहे. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली आणि सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी. राजभाषेचा वाद पेटला की हे दोन आकडे दगडांसारखे फेकले जातात. एक बाजू म्हणते, गोव्यात मराठी फक्त ११ टक्के. आपली बाजू म्हणते, आकडाच खोटा, मराठी शाळा बघा, मराठी वर्तमानपत्रं बघा, देवळातलं कीर्तन बघा. दोन्ही बाजू मातृभाषेच्या रकान्याला भाषेचा रकाना समजतात.

माझ्या आईला २०११ला प्रगणक बाईंनी दारात उभं राहून विचारलं, तेव्हा मी घरात होतो. आई म्हणाली, "मातृभाषा कोंकणी." खरंच होतं, तिची आई तिच्याशी कोंकणीतच बोलायची. पण आई चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पोथी मराठीत वाचायची, मला मुंबईला पत्रं मराठीत लिहायची. आमच्याच वाड्यावरच्या, आईच्याच वयाच्या, तिच्यासारखंच बोलणाऱ्या मावशींनी 'मराठी' असं सांगितलं, कारण जी भाषा त्या लिहितात-वाचतात तीच त्यांना आपली वाटते. एक बाई ६६ टक्क्यांत गेली, दुसरी ११ टक्क्यांत. दोघी रोज संध्याकाळी एकाच पायरीवर बसून एकाच बोलीत गप्पा मारायच्या.

प्रगणक बाई तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. "आणखी कुठल्या भाषा येतात?" असं त्यांनी विचारलं, कारण मातृभाषेखेरीज दोन भाषा लिहून घ्यायच्या असतात. आईने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "मराठी." ते उत्तरही जनगणनेत मोजलं गेलं आहे, त्याचा वेगळा तक्ता आहे. राजभाषेवरच्या एकाही सभेत मी तो कोणाच्या हातात पाहिलेला नाही. १ मार्च २०२७ ही पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख ठरली आहे. प्रगणक पुन्हा दारात येतील. आई आता नाही. तिच्या जागी उत्तर द्यायला मी उभा असेन आणि विचारतील त्या सगळ्या भाषा सांगेन.